जागा किती उरली?

शाळेतले कपाट भरले आहे की रिकामे, हे कळायला नोंदवही लागत नाही. दार उघडले की दिसते. पाण्याची टाकी ठोकून पाहता येते, धान्याची कणगी डोकावून पाहता येते. संगणकाच्या चकतीचे मात्र तसे नाही. एक कोरी चकती आणि एक काठोकाठ भरलेली चकती शेजारी शेजारी ठेवा. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि हातात घेतल्या तरी फरक कळणार नाही. चकतीवर किती जागा उरली आहे हे कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे कोणीतरी नोंद ठेवणे. आणि ही नोंद बहुतेक वेळा त्याच चकतीवर असते!

बँका, रेल्वे आरक्षण, विमा, दूरध्वनी कंपन्या अशा मोठ्या संस्थांची माहिती ज्या केंद्रांत साठवली जाते त्यांना डेटा सेंटर म्हणतात. आपल्याकडे नवी मुंबईत अशी अनेक केंद्रे आहेत. तिथे हजारो चकत्या रात्रंदिवस फिरत असतात. त्यांत एकूण जागा किती, वापरात किती आणि शिल्लक किती, याचा हिशेब ठेवणे हे तिथले एक स्वतंत्र काम आहे. वरवर पाहता हे काम तिसरीच्या बेरीज-वजाबाकीचे वाटते. त्याचा इतिहास पाहिला तर मात्र लक्षात येते की ‘जागा’ आणि ‘वापर’ या दोन्ही शब्दांचे अर्थ दर पिढीत बदलत गेले आहेत. तो प्रवास आपण या लेखात पाहणार आहोत.

दिसणारी जागा

१८९० सालच्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांच्या यंत्रांनी छिद्रे पाडलेल्या पत्रांवरून मोजणी केली. तिथपासून पुढची साठ-सत्तर वर्षे यंत्राने वाचायची माहिती प्रामुख्याने अशा पत्रांवरच साठवली जात असे. १९२८ साली आयबीएम कंपनीने ८० स्तंभांचे पत्र आणले. एका स्तंभात एक अक्षर, म्हणजे एका पत्रात ८० अक्षरे. २००० पत्रांचे एक खोके असे. गुणाकार केला तर एका खोक्यात १ लाख ६० हजार अक्षरे होतात.

इथे जागेचा हिशेब म्हणजे खोक्यांची मोजदाद होती. खोली भरली की दुसरी खोली शोधायची. पत्राची जागा मोलाची असल्याने माणसे अक्षरे वाचवत. सालाचे चार आकडे लिहिण्याऐवजी शेवटचे दोनच लिहिण्याची सवय या काळात रुजली. स्तंभांची ही काटकसर पुढे चकतीच्या काळातही चालू राहिली आणि २००० साल जवळ आल्यावर तिची किंमत जगभरच्या संस्थांना मोजावी लागली. साठवणुकीच्या जागेचा हिशेब फक्त गोदामापुरता राहत नाही, तो माहितीचे रूपही ठरवतो, याचे हे पहिले उदाहरण.

फितीचे कडे

१९५१ साली युनिव्हॅक संगणक अमेरिकेच्या जनगणना खात्याकडे आला. पुढच्याच वर्षी आयबीएमनेही चुंबकीय फितीचे यंत्र बाजारात आणले. एका रिळावर सुमारे २० लाख अक्षरे मावत. कित्येक खोक्यांमधली माहिती एका हातात उचलता येऊ लागली. पण डोळ्यांना दिसणारा पुरावा गेला. रीळ कोरे आहे की त्यावर वर्षभराचे पगारपत्रक आहे, हे पाहून सांगता येईना.

म्हणून फितींची ग्रंथालये उभी राहिली. प्रत्येक रिळावर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीची वहीत नोंद, फीत कधी पुसायला हरकत नाही त्याची तारीख, आणि हे सारे सांभाळणारा ग्रंथपाल. चुकून कोणी भरलेल्या फितीवर दुसरे काही लिहू नये म्हणून एक साधी युक्ती होती. रिळाच्या मागच्या खाचेत प्लास्टिकचे कडे बसवले तरच यंत्र लिहू शके. कडे काढून ठेवले की फीत फक्त वाचता येई. या वहीत रिळे मोजलेली असत. रिळावर जे आहे ते मोलाचे आहे की नाही हा प्रश्न ग्रंथपालाच्या कक्षेबाहेरचा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवू, कारण पुढे तिची गरज लागणार आहे.

पन्नास चकत्यांचे कपाट

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचे यंत्र जाहीर केले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक रचलेल्या होत्या. त्याची क्षमता विद्यार्थ्यांना फळ्यावर काढता येईल. ५० चकत्यांचे १०० पृष्ठभाग. प्रत्येक पृष्ठभागावर १०० वर्तुळाकार ट्रॅक. प्रत्येक ट्रॅकवर ५०० अक्षरे. १०० × १०० × ५०० म्हणजे ५० लाख अक्षरे. छिद्रपत्रांच्या हिशेबात ६२,५०० पत्रे, साधारण ३१ खोकी.

फितीवर हवी ती नोंद गाठायला सुरुवातीपासून फीत उलगडावी लागे. चकतीवर मात्र कुठल्याही ट्रॅकवर थेट जाता येत होते. त्यामुळे एकाच यंत्रावर अनेक कामे, अनेक विभागांची माहिती एकत्र नांदू लागली. आणि इथून एक नवा प्रश्न सुरू झाला. ज्याचे रीळ त्याच्याजवळ, असे आता राहिले नाही. सामाईक कपाटात कोणाचे किती?

वाटणी

या प्रश्नाला अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लवकर तोंड द्यावे लागले. फर्नांडो कोरबाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याच्या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे तिला मोठी चकती जोडली गेली. वापरणारे पुष्कळ, चकती एक. तेव्हा प्रत्येकाला यंत्राच्या वेळेचा जसा वाटा ठरवून दिलेला असे, तसाच चकतीवरील ट्रॅकांचाही. आपला वाटा किती आणि त्यातला किती संपला, हे वापरणाऱ्याला विचारून पाहता येई. आपण इथे शिधापत्रिकेची आठवण काढली तर चूक ठरणार नाही.

अमेरिकेतल्याच बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली. तिची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. तिच्यात दोन छोट्या आज्ञा आहेत, ‘डीयू’ आणि ‘डीएफ’. पहिली विचारते, या फाइलींनी किती जागा घेतली? दुसरी विचारते, चकतीवर किती जागा मोकळी आहे? पन्नासहून अधिक वर्षे उलटली तरी या दोन्ही आज्ञा जगभर रोज वापरल्या जातात.

गंमत अशी की या दोघींची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. डीयू एकेका फाइलीपाशी जाऊन बेरीज करते. डीएफ चकतीच्या स्वतःच्या खतावणीत पाहते. आता समजा, एखादा कार्यक्रम एक मोठी फाइल उघडून बसला आहे आणि मध्येच कोणी तिचे नाव पुसले. युनिक्समध्ये नाव वेगळे आणि त्यामागचा मजकूर वेगळा. नाव गेले, म्हणून डीयूला ती फाइल दिसत नाही. पण कार्यक्रम तिला धरून आहे तोवर जागा मोकळी होत नाही, म्हणून डीएफ ती भरलेलीच दाखवते. दोघीही खरे बोलतात. फक्त दोघींना विचारलेले प्रश्न वेगळे आहेत.

दुसरा फरक पूर्णांकांचा. चकतीवर जागा सुट्या बाईटांनी मिळत नाही, ठरावीक आकाराच्या ब्लॉकांनी मिळते. समजा, ब्लॉक ४,०९६ बाईटांचा आहे. १००० विद्यार्थ्यांच्या प्रत्येकी ३०० बाईटांच्या नोंदी १००० वेगळ्या फाइलींत ठेवल्या, तर मजकूर ३ लाख बाईट, पण व्यापलेली जागा ४०,९६,००० बाईट. म्हणजे तेरापटीहून अधिक. एसटीत एक माणूस बसला तरी बाक अडतोच, तसे हे.

१९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या आवृत्तीत मेलबर्न विद्यापीठाच्या रॉबर्ट एल्झ यांनी वाटपाची पद्धत घातली. तिच्यात दोन मर्यादा होत्या. पहिली ओलांडली की ताकीद मिळे, पण काम थांबत नसे. दुसरी मात्र ओलांडताच येत नसे. ताकिदी मिळूनही कोणी जागा मोकळी केली नाही, तर पहिली मर्यादाही कडक होई. माणसाला आवरायला थोडी सवलत लागते, हे ओळखून केलेली ही रचना आहे.

हजार यंत्रांची हजेरी

तोवर हिशेब एकेका यंत्राचा होता. १९८० च्या दशकात संस्थांमध्ये संगणकांची संख्या वाढत गेली आणि प्रत्येकासमोर बसून आज्ञा देणे अशक्य झाले. १९८८ साली जाळ्यावरच्या यंत्रांची विचारपूस करण्यासाठी एसएनएमपी ही प्रमाणित पद्धत ठरली. वर्गशिक्षक नाव पुकारतो आणि मुले ‘हजर’ म्हणतात, तसेच काहीसे. मध्यवर्ती संगणक दर काही मिनिटांनी प्रत्येक यंत्राला ठरलेले प्रश्न विचारतो आणि उत्तरे नोंदवून ठेवतो.

सप्टेंबर १९९३ मध्ये या प्रश्नावलीत साठवणुकीचा तक्ता आला. त्यात मुख्य रकाने असे: साठवणुकीचे वर्णन, एका ब्लॉकचा आकार, एकूण ब्लॉक, वापरलेले ब्लॉक. कोणत्याही कंपनीचे यंत्र असो, उत्तर एकाच साच्यात. आपली जडसंग्रह नोंदवही जशी साऱ्या शाळांत एकाच नमुन्याची असते, तसा हा नमुना.

पण नमुना आखताना रकान्याची रुंदी ठरवावी लागते. ‘एकूण ब्लॉक’ या रकान्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढाच आकडा मावत होता. १९९३ साली तो अफाट वाटला असणार. ब्लॉक ४,०९६ बाईटांचा धरला तर गुणाकार येतो सुमारे ८.८ लाख कोटी बाईट, म्हणजे ८.८ टेराबाईट. पुढे चकत्यांचे संच याहून मोठे झाले आणि काही यंत्रे आपल्या जागेचा आकडा चक्क ऋण सांगू लागली! वस्तू मोजायची वहीच वस्तूपेक्षा लहान पडली. दोन आकड्यांच्या सालाची ही धाकटी बहीणच म्हणायची.

एका प्रश्नाची तीन उत्तरे

१९८८ सालीच बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ ही कल्पना मांडली. अनेक स्वस्त चकत्या एकत्र जोडायच्या आणि माहितीची जादा नोंद ठेवायची, म्हणजे एखादी चकती बिघडली तरी काही हरवत नाही. यामुळे सुरक्षितता वाढली, पण विकत घेतलेली जागा आणि वापरता येणारी जागा यांत फारकत झाली.

एक काल्पनिक डेटा सेंटर घेऊ. तिथे प्रत्येकी १० टेराबाईटच्या १०० चकत्या आहेत. विकत घेतलेली जागा १००० टेराबाईट. प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवायची म्हणून उरले ५००. राखीव चकत्या आणि प्रणालीचा स्वतःचा जमाखर्च यांसाठी ५० वजा केले की ४५०. यातले ४२० टेराबाईट वेगवेगळ्या विभागांना वाटून दिले. विभागांनी आजवर खरोखर लिहिले १८०.

आता साहेबांनी विचारले, “आपले केंद्र किती टक्के भरले आहे?” १८० भागिले १००० केले तर १८ टक्के. १८० भागिले ४५० केले तर ४० टक्के. ४२० भागिले ४५० केले तर ९३ टक्के. खरेदी विभाग म्हणेल, पैसे वाया गेले. विभागांना जागा देणारा म्हणेल, आता माझ्याकडे काहीच नाही. आकडे तेच आणि गणितही बरोबर, पण छेद वेगळा. शेकडेवारी शिकवताना ‘कशाचे टक्के?’ हा प्रश्न आपण मुलांना वारंवार विचारतो, तो इथे कोट्यवधी रुपयांच्या खरेदीचा निर्णय ठरवतो.

या शतकाच्या सुरुवातीला दोन युक्त्यांनी गुंता आणखी वाढवला. पहिली बँकेसारखी. सारे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढत नाहीत, म्हणून बँक ते कर्जाऊ देऊ शकते. तसेच ४५० टेराबाईट असताना विभागांना मिळून ८०० चे आश्वासन द्यायचे आणि लिहिले जाईल तेवढीच जागा प्रत्यक्ष द्यायची. हे चालते, पण एका अटीवर. खऱ्या शिलकेवर सतत नजर हवी. ती चुकली तर सगळ्यांची कामे एकदम अडतात.

दुसरी युक्ती समान मजकूर एकदाच ठेवण्याची. ५ मेगाबाईटचे परिपत्रक २०० कर्मचाऱ्यांनी जपून ठेवले तर १००० मेगाबाईट लागायला हवेत. प्रणाली एकच प्रत ठेवते आणि बाकीच्यांना तिचा पत्ता देते. आता प्रश्न असा: ते ५ मेगाबाईट कोणाच्या नावावर मांडायचे? आणि एकाने आपली प्रत पुसली तर किती जागा मोकळी होईल? जवळजवळ शून्य! एकशे नव्व्याण्णव जणांनी पुसली तरी शून्यच. वापर ही एकेकट्याची गोष्ट राहिली नाही.

भरणार कधी?

हिशेब ठेवण्याचा खरा उपयोग पुढचे पाहण्यासाठी. चकत्या मागवायच्या, बसवायच्या, त्यांना वीज आणि थंडावा पुरवायचा, यात महिने जातात. आपल्या काल्पनिक केंद्रात १८० टेराबाईट भरले आहेत, २७० शिल्लक आहेत. या महिन्यात १०.८ ची भर पडली. २७० भागिले १०.८, म्हणजे २५ महिने. दोन वर्षे निश्चिंत!

पण ही वाढ सरळ व्याजासारखी नसून चक्रवाढीची असेल, दर महिन्याला ६ टक्के, तर? १८० ला १.०६ ने पुन्हा पुन्हा गुणून पाहा. पंधराव्या महिन्याअखेर ४३१ आणि सोळाव्या महिन्यात ४५० पार. पंचवीस नव्हे, सोळा. एका महिन्याच्या आकड्यावरून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. त्यासाठी मागच्या कित्येक महिन्यांच्या नोंदी जपून ठेवाव्या लागतात.

वाढ केवढी होऊ शकते याचे खरे उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेचे. तिथल्या कणत्वरकाच्या प्रयोगांतून अखंड माहिती येते. जून २०१७ मध्ये तिथे फितींवर जपलेली माहिती २०० पेटाबाईटच्या पुढे गेली. २०२३ साली तिथल्या चकत्यांची एकत्र क्षमता १ एक्साबाईट, म्हणजे एकावर अठरा शून्ये इतके बाईट झाली. त्यासाठी सुमारे १ लाख ११ हजार साठवण-साधने लागली. रॅमॅकच्या मापाने मोजायचे तर ही क्षमता साधारण २० हजार कोटी रॅमॅक यंत्रांइतकी होते.

आकड्याला न विचारलेला प्रश्न

आता थोडे मागे जाऊ, त्या फितींच्या वहीकडे. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ मधून माणूस चंद्रावर उतरला. चंद्रावरून आलेले चित्रण नेहमीच्या दूरचित्रवाणीपेक्षा वेगळ्या पद्धतीचे होते. प्रक्षेपणासाठी त्याचे रूपांतर करावे लागले आणि त्यात चित्राचा दर्जा घसरला. जगाने पाहिले ते हे उतरलेले चित्र. मूळ संदेश मात्र आणीबाणीची सोय म्हणून चौदा मार्गिकांच्या फितींवर जसाच्या तसा नोंदला होता.

पुढे कित्येक वर्षांनी निवृत्त अभियंत्यांनी या फितींचा शोध सुरू केला. २००९ साली नासाने शोधाचा निष्कर्ष जाहीर केला. फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. १९८० च्या सुमारास पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या लँडसॅट उपग्रहांच्या कामासाठी फितींचा मोठा तुटवडा पडला होता. तेव्हा सुमारे २ लाख फिती पुसण्यात आल्या, त्यांतच याही गेल्या असाव्यात. प्रक्षेपित चित्रणाच्या प्रती शिल्लक आहेत आणि त्यांवरून २००९ मध्ये सुधारित चित्रण तयार करण्यात आले. मूळ नोंद मात्र मिळाली नाही.

इथे आग लागली नाही, चोरी झाली नाही. ज्यांनी फिती पुसल्या त्यांनी निष्काळजीपणा केला असेही म्हणता येत नाही, त्यांना खरोखरच फिती हव्या होत्या. जागेचा हिशेब चोख होता असे मानले, तरीही हे घडू शकते. कारण त्या हिशेबात फिती होत्या, फितींवरचा चंद्र नव्हता.

आजच्या डेटा सेंटरमध्येही हीच अडचण उलट बाजूने येते. काय मोलाचे आहे ते ठाऊक नाही, म्हणून काहीच पुसले जात नाही. ज्या विभागाचे काम थांबले, जो कर्मचारी निवृत्त झाला, त्यांच्या फाइली वर्षानुवर्षे वीज खात पडून राहतात. म्हणून चांगल्या केंद्रांत आता बाईटांसोबत आणखी चार गोष्टी नोंदतात: हे कोणाचे आहे, कशासाठी ठेवले आहे, शेवटचे कधी उघडले, आणि कोणत्या तारखेपर्यंत ठेवायचे. यातली तिसरी गोष्ट यंत्र स्वतः टिपू शकते. बाकीच्या तीन माणसाने सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

वर्गात करून पाहा

शाळेच्या संगणकाला एक पेनड्राइव्ह लावा. वेष्टनावर ३२ जीबी लिहिले असेल तर पडद्यावर साधारण २९ च्या घरात आकडा दिसेल. कंपनीने १ जीबी म्हणजे १०० कोटी बाईट धरले, संगणकाने २ चा तिसावा घात धरला. भागाकार मुलांकडून करून घ्या. मग चार-पाच ओळींची एक फाइल त्यावर साठवा आणि तिचे गुणधर्म उघडा. तिथे दोन आकडे दिसतील, मजकुराचा आकार आणि चकतीवर व्यापलेली जागा. ते वेगळे का, हे मुलांना आता सांगता येईल.

शेवटी त्याच संगणकावरच्या जुन्या फाइलींची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने आखा: कोणाची, कशासाठी, कधीपर्यंत. किती ओळी कोऱ्या राहतात ते मोजा. पुसण्याची घाई मात्र करू नका. आधी वरच्या वर्गातल्या मुलांना आणि जुन्या शिक्षकांना विचारा. त्या कोऱ्या ओळींपैकी एखादीत शाळेच्या पहिल्या विज्ञान प्रदर्शनाची छायाचित्रेही असू शकतील.